काटा ते गेट

मला तो दिसला होता. एक पाय जमिनीला टेकवून त्यानं हात वर केला, तो हातही दिसला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोलिसांना नाही, वकिलाला नाही, बायकोला तर नाहीच. ज्यांनी माझ्यासाठी सगळं अंगावर घेतलं, त्या माझ्या सासऱ्यांनासुद्धा मी 'दिसलाच नाही' असंच सांगितलं होतं. आणि तेच वाक्य त्यांनी पुढं सात वर्षं, विचारेल त्याला, स्वतःचं म्हणून सांगितलं.

कागदोपत्री त्या दुपारी ट्रक माझे सासरे चालवत होते. खरं म्हणजे मी चालवत होतो.

आधी जागा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सोलापूरहून पुण्याकडं निघालं की चिंचोळी एमआयडीसी लागते. तिथं हायवेच्या कडेला एक वजनकाटा आहे. रिकामी गाडी आधी काट्यावर आणायची, वजन करायचं, पावती घ्यायची, मग सूतगिरणीच्या गेटावर जायचं. आत सुताच्या गाठी भरायच्या आणि भरलेली गाडी पुन्हा काट्यावर. गिरणीचं गेट काट्याच्याच बाजूला, पण अर्धा किलोमीटर मागं. रीतीनं जायचं तर पुढं जाऊन पुलाखालून वळायचं, पलीकडच्या रस्त्यानं मागं जायचं, तिथं परत वळून यायचं. उलटं घातलं की दोन मिनिटांचं काम. सगळे उलटंच घालायचे. दिवे लावायचे, हॉर्नवर हात ठेवायचा, कडेकडेनं काढायची. समोरून येणारा बाजूला होतोच, हे आम्ही धरूनच चालायचो.

आणखी एक रीत होती. काटा ते गेट एवढं अंतर कुणी हिशेबात धरत नसे. ड्रायव्हर जेवायला बसला, आंघोळीला गेला, की जो कुणी मोकळा असेल तो गाडी नेऊन गेटाच्या रांगेत लावायचा. हमाल लावायचे, क्लीनर लावायचे. त्याला आम्ही गाडी चालवणं म्हणत नव्हतो. गाडी हलवणं म्हणायचो. लायसन चालवायला लागतं, हलवायला नाही, असा आमच्या डोक्यातला कायदा.

माझं लायसन संपून आठ महिने झाले होते. अवजड वाहनाचं. नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो, आरटीओत दोन चकरा होतात, एवढंच. पुढच्या आठवड्यात करतो म्हणत राहिलो. मालकानं मला लांबच्या फेऱ्यांवरून काढलं आणि भरणीवर देखरेखीला लावलं. गाड्या हलवायला मात्र मी होतोच.

सासरेही त्याच मालकाकडं ड्रायव्हर होते. त्यांना मी मामा म्हणायचो. अक्कलकोटकडचे. घरात कानडी, रस्त्यावर मराठी. तीस वर्षं गाडी चालवली, कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. ड्रायव्हरला लोक मुलगी द्यायला बघत नाहीत. त्यांनी स्वतः होऊन दिली. मला नेहमी 'पाव्हणं' म्हणायचे, अहो-जाहो करायचे, अगदी गाडीत शेजारी बसलेलो असलो तरी.

"पाव्हणं, गाडी चालवताय का वरात काढताय?" मी हळू चालवली की म्हणायचे. जोरात चालवली की म्हणायचे, "पाव्हणं, आमची पोरगी अजून कुंकू लावती, ध्यानात असू द्या."

रिव्हर्स घेताना मागं उभं राहून ते हातवारे करायचे आणि नेमक्या जागी म्हणायचे, "साकु." कानडीत पुरे. त्या एका शब्दाला मी ब्रेक दाबायचो. बोटभरही चूक व्हायची नाही.

त्या दुपारी त्यांनी काट्यावर रिकामी गाडी लावली, वजन झालं आणि ते लिंबाखाली डबा उघडून बसले. तीनला गेट बंद व्हायचं. पाळी बदलताना अर्धा-पाऊण तास आत कुणाला घेत नसत. तीनला दहा कमी होते.

"मी लावतो रांगेत," मी म्हणालो. "तुम्ही जेवा."

"पुढनं वळून जावा," मामा म्हणाले. तोंडात घास होता.

"हितनं हितं तर जायचंय."

त्यांनी पुढचा घास मोडला. मी चावी घेतली.

उलट्या बाजूनं मी गाडी दामटली. रिकामी गाडी लवकर वेग घेते. काट्यापासून थोड्याच अंतरावर कडेला एक टँकर उभा होता, त्यात कुणी नव्हतं. टँकरला वळसा घालायचा तर रस्त्यावर आत यावं लागणार होतं. टँकरच्या पलीकडून एक सायकलवाला येत होता, त्याच्या बाजूनं, बरोबर रस्त्यानं. गिरणीतला कामगार, पाळीतून जरा आधी सुटलेला. त्यालाही तोच टँकर ओलांडायचा होता. त्यानं ट्रक बघितला, पाय टेकला आणि हात वर केला. थांबा, असा. मला वाटलं, थांबलाय तर थांबेल. मी हॉर्न दाबला. ब्रेकवर पाय नेला नाही.

तो थांबलाच होता. जागा माझ्याच गाडीला कमी पडली.

याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही. आवाज फार मोठा नव्हता, एवढंच सांगतो. मी लगेच ब्रेक दाबला, गाडी तिरकी थांबली. स्टिअरिंगवरचे हात सुटेनात. गेटाकडून लोक ओरडत यायला लागले होते, पण अजून लांब होते.

टँकरच्या आडून मामा पळत आले. त्यांनी दार उघडलं. उजव्या हाताला आमटी तशीच होती, दाराच्या दांडीला लागली.

"उतर," ते म्हणाले. "तिकडच्या दारानं उतर."

मी हललो नाही.

"अरे उतर की. तुझं लायसन न्हाय. विम्यावाला हात वर करंल. त्या माणसाच्या घराला काय मिळायचं न्हाय, आन तू आत जाशील. माझं लायसन पक्कं हाय. उतर."

लग्न झाल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं ते तिथं. पुन्हा कधी केलं नाही. मी डाव्या दारानं उतरलो. ते माझ्या जागी बसले.

लोक आले आणि त्यांनी मामांना ओढून खाली काढलं. मी गर्दीत उभा होतो. गर्दीत उभं राहणं सोपं असतं, कुणी विचारत नाही. पण एकानं विचारलं. गिरणीचा गणवेश घातलेला, मामांच्या शर्टाची कॉलर धरलेला माणूस माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्योच का ड्रायव्हर?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी मामांना मारलं. ओठ फुटला, पुढचा दात हलला आणि चार दिवसांनी पडला. ते मार खाताना एकदाही माझ्याकडं बघत नव्हते. त्या वेळी मला वाटलं, रागानं बघत नसतील. नंतर कळलं, माझ्याकडं बघितलं असतं तर लोकांनीही बघितलं असतं.

चौकीवर आमचा मालक आला. त्यानं विचारलं, "कोण होतं गाडीवर?" मामा म्हणाले, "मी." मालक माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. तसंच लिहू." आमच्या धंद्यात ड्रायव्हर बदलून देणं नवीन नव्हतं. मी स्वतः एकदोनदा ऐकलं होतं आणि हसलो होतो. मालकानं लेखी दिलं की गाडीवर अमुक ड्रायव्हर होता. पंचनामा झाला. तीनशे चार अ, म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू. दुसऱ्या दिवशी जामीन झाला.

"काय होत न्हाय," मालक मामांना म्हणाला. "असल्या केसमधी साक्षीदार फुटत्यात. दोन-चार वर्षं तारखा करायच्या आन मोकळं व्हायचं."

मामांना एवढंच विचारायचं होतं, तेही त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. "दिसला न्हवता न्हवं तुमाला?"

"न्हाय मामा. दिसलाच न्हाय."

त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं असावं.

बायकोला आम्ही काय सांगायचं, हे कुणी ठरवलं नाही. ती घरी मशीनवर ब्लाउज शिवत बसली होती. शेजारच्या बाईनं येऊन सांगितलं की तुझ्या वडलांच्या गाडीखाली माणूस गेला. मी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा तिला सगळं माहीत झालं होतं, म्हणजे चुकीचं माहीत झालं होतं. ते पुसायची वेळ तीच होती. मी पाणी मागितलं.

महिनाभरानं ती एकटीच त्या माणसाच्या घरी गेली. मला सांगितलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं. परत आली ती थेट मामांकडं गेली. मी तिथंच होतो. मामा बाजेवर बसून वाकळ उसवत होते.

"आप्पा, त्यांच्या घरी जाऊन आले," ती म्हणाली. "बाईनं पाणी दिलं. मी निघताना म्हणाली, तुझ्या वडलाला सांग, उलटं यायला नको हुतं." ती बाजेजवळ आली. "उलटी का घातली गाडी? तुम्ही तर मला सायकलसुद्धा उलट्या बाजूनं चालवू दिली नाही कधी."

मामांनी दोरा तोडला.

"चुकलं," ते म्हणाले.

मी दारात उभा होतो. खोलीत आम्ही तिघंच होतो. दोघांना खरं माहीत होतं आणि तिसरी त्यांच्यातल्या चुकीच्या माणसाकडं बघत होती.

तेव्हापासून ती वडलांशी कामापुरतं बोलायची. जेवायला वाढायची, औषधं आणून द्यायची, कशात कमी केलं नाही. पण आमची मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा मामा म्हणाले, "मी सोडत जाईन की गाडीवर." बायको म्हणाली, "नको. आजोबांच्या गाडीवर बसायचं नाही." मुलीला सांगितलं, पण ऐकू त्यांना जाईल असं. मामा हसले आणि मुलीला म्हणाले, "आजोबाला येत न्हाय चालवाय." मग मीच मुलीला माझ्या मोटारसायकलवरून सोडायला लागलो. पहिल्या दिवशी मुलगी माझ्या पोटाला घट्ट धरून बसली होती आणि मला वाटत होतं, कुणीतरी अडवावं.

केस मालक म्हणाला तशी चालली नाही. तारखा पडल्या, पण साक्षीदार फुटले नाहीत. गिरणीतले दोन कामगार, त्यांतला एक मला गर्दीत विचारणारा, दर तारखेला पाळी बदलून घेऊन यायचे. त्या दोघांनी शपथेवर सांगितलं की ह्यालाच आम्ही गाडीतून खाली ओढला. ते खरंच होतं. आमच्या वकिलानं उलटतपासात विचारलं, सायकलवाला अचानक आडवा आला नाही का? चूक त्याची नव्हती का? कामगार म्हणाला, आम्ही पोचलो तेव्हा तो पडलेला होता. मग वकिलानं युक्तिवादात लिहून दिलं की मयत हा बेसावधपणे टँकरच्या आडून मध्ये आला. ती ओळ त्या फायलीत अजून आहे. मयताची बायको मागच्या बाकावर बसून ते ऐकत होती. मी तिच्या दोन बाकं पुढं होतो. मला माहीत होतं की तो माणूस बेसावध नव्हता. त्याच्याएवढं सावध त्या दिवशी त्या रस्त्यावर कुणीच नव्हतं.

विम्याची भरपाई तिला मिळाली. मामा त्यावर म्हणाले, "तेवढं तरी झालं." मी त्या वाक्याचा आधार पुष्कळ दिवस घेतला.

सातव्या वर्षी निकाल लागला. दोषी. सहा महिने साधी कैद. वरच्या कोर्टात अपील केलं आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबली. लायसन मात्र आधीच गेलं होतं. तीस वर्षं चालवलेला माणूस एका मंगल कार्यालयात पार्किंगला उभा राहायला लागला. लग्नाला आलेल्या गाड्या लावून द्यायचे. मी एकदा बायकोला घेऊन तिथं एका लग्नाला गेलो, तेव्हा ते एका नव्या मोटारीच्या मागं उभे राहून हात हलवत होते, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या. साकु." मोटारवाल्याला कानडी येत नव्हतं, तो जरा जास्तच मागं आला आणि भिंतीला घासला. खाली उतरून तो मामांना टाकून बोलला. मामांनी ऐकून घेतलं. बायको माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आता तरी कळत असेल त्यांना." काय कळत असेल, हे मी विचारलं नाही.

मी गाडी सोडली. लोक म्हणाले, सासऱ्याचं बघून धसका घेतला. तसंच चालू दिलं. मालकानं ओळखीनं मला नोकरी लावून दिली, आणि ती कुठं, तर त्याच वजनकाट्यावर. मी पावत्या फाडतो. खिडकीतून रस्ता दिसतो. गाड्या अजून उलट्या जातात. मागं एकदा एका नवीन ड्रायव्हरला मी खिडकीतून म्हणालो, "पुढनं वळून जा."

"काका, हितनं हितं तर जायचंय," तो म्हणाला.

मी बाहेर येऊन गाडीपुढं उभा राहिलो. तो हसला, मग चिडला, मग खाली उतरून विचारायला लागला, तुमचं काय जातंय मधी. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मी बाजूला झालो. तो उलटाच गेला, सुखरूप पोचला, आणि भरून परत काट्यावर आल्यावर पावती घेताना माझ्याकडं बघून म्हणाला, "बघा, काय झालं?"

गेल्या वर्षी मामांच्या मूत्रपिंडाचं दुखणं वाढलं. सरकारी दवाखान्यात पंधरा दिवस होते. दुपारी मी बसायचो, संध्याकाळी बायको. एका दुपारी ते जागे होते आणि वॉर्डात फारसं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "मामा, एक सांगायचंय. त्या दिवशी मला..."

"साकु," ते म्हणाले.

मी थांबलो. सवयच तशी होती. त्यांना काय ऐकायचं नव्हतं हे मला आजही नक्की सांगता येत नाही. कदाचित माहीत असेल. रिकाम्या गाडीचा वेग, टँकरची जागा, ब्रेकच्या खुणा कुठून सुरू झाल्या, हे त्यांनी पळत येतानाच बघितलं असणार. तीस वर्षांच्या ड्रायव्हरला ते बघावं लागत नाही, दिसतंच. मला बोलू दिलं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं, हे मात्र खरं. तीन दिवसांनी ते गेले.

दहावं झाल्यावर वकिलाचा फोन आला. तो म्हणाला, आरोपी मयत झाला की अपील आपोआप बंद पडतं आणि खालच्या कोर्टाचा निकाल तसाच राहतो. पण तीस दिवसांच्या आत जवळच्या नातेवाइकानं अर्ज केला तर अपील पुढं चालवता येतं. "मुलगी आहे ना त्यांना? करता येईल. निदान नाव तरी निघेल."

मी फोन ठेवून बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. ती सुईत दोरा ओवत होती, ती थांबली.

"निघेल का खरंच नाव त्यातनं?" ती म्हणाली. "तसं असेल तर मी करते सही."

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा बापाच्या बाजूनं काही विचारलं होतं. तिच्या आवाजात काहीतरी होतं, ते मी ओळखलं. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की आप्पांनी केलं नाही. मी सोडून ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मालक सांगणार नव्हता.

आणि मी म्हणालो, "गेलेल्या माणसाला कशाला परत कोर्टात उभं करायचं."

"तेही खरंय," ती म्हणाली. "केलं ते त्यांनी केलंच होतं." आणि मशीन चालू केलं.

तो दिवस मला ट्रकच्या दिवसापेक्षा वाईट वाटतो. रस्त्यावर विचार करायला वेळ नव्हता, असं म्हणता येईल, जरी ते पूर्ण खरं नाही. इथं मला वीसेक दिवस होते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी रजा टाकून कोर्टापर्यंत गेलो. वकिलाच्या टेबलाजवळ गर्दी होती. फाटकाबाहेर गाड्यावर लिंबू सरबत प्यालो, रिकामा ग्लास धुऊन सरबतवाल्याच्या हातात दिला आणि घरी आलो. बायकोनं विचारलं, आज लवकर कसे? मी म्हणालो, काटा बिघडलाय.

आता मुलगी दहा वर्षांची झाली आहे. परवा तिनं भिंतीवरच्या फोटोकडं बघून आईला विचारलं, "आजोबांनी खरंच माणूस मारला होता का?" शाळेत कुणीतरी म्हणालं होतं. आई म्हणाली, "मुद्दाम नाही." आणि फोटोचा हार नीट केला. त्या रात्रीपासून मी हे लिहितोय, दुपारी काट्यावर, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, जुन्या पावत्यांच्या पाठीवर.

वकिलाला परवाच जाऊन विचारलं, उशिरा काही करता येतं का. माझ्या ओळखीच्या एकाची गोष्ट म्हणून विचारलं. तो म्हणाला, उशीर माफ करायचा अर्ज करता येतो, होईलच असं नाही. "पण त्याला आधी खरं काय ते लिहून द्यावं लागेल. मग त्याच्यावरही केस होईल. तयारी आहे का त्याची?" मी म्हणालो, विचारून सांगतो.

केस होईल. व्हावी. तिची भीती मला वाटते, पण सगळ्यात जास्त भीती केसची नाही, घरी सांगायची वाटते.

त्या सायकलवाल्याच्या बायकोचं माझ्याकडं एवढं देणं आहे: तुझा नवरा आडवा आला नव्हता. तो थांबला होता, त्यानं हात केला होता, आणि मी ते बघितलं होतं. कोर्टाचं देणं म्हणजे हेच, माझ्या नावानिशी, सहीनिशी. आणि माझ्या बायकोला मी एक साधं वाक्य देणं लागतो, जे त्या संध्याकाळी पाणी मागायच्या आधी द्यायचं होतं: तुझे आप्पा त्या वेळी काट्यावर लिंबाखाली जेवत होते.